लिंबूवर्गीय तेलांची मालिश: सालीतलं तेल, ऊन आणि हाताचं काम

प्रश्न असा आला आहे: "मसाज थेरपीचा कोर्स पूर्ण करून मला वर्ष झालं. मालिशच्या तेलात मी संत्रं, लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्या कुळातलं एक सुगंधी फळ) यांची इसेन्शियल ऑइल्स, म्हणजे तीव्र वासाची अर्कतेलं, घालते. लोकांना वास फार आवडतो. थेंब अंदाजानंच टाकते, दोन चमचे तेलात दहा वगैरे. गेल्या आठवड्यात बर्गमॉट घालून एका बाईंची मान आणि खांदे चोळले. मालिशनंतर त्या थेट बाहेर पडल्या आणि दुपारभर उन्हात होत्या. दुसऱ्या दिवशी लाल पट्टे उठले, आग झाली, आता ते पट्टे तपकिरी दिसतात. ही तेलं बंद करू का? कोणतं किती घालावं? आणि यांचा खरंच उपयोग होतो, की नुसता वासच?"

आधी त्या बाईंबद्दल बोलू, बाकीचं सगळं नंतर. तुमच्या वर्णनावरून हा तेल आणि ऊन या दोघांनी मिळून केलेला भाजल्याचा प्रकार दिसतो. त्यांना आजच सांगा की डाग असलेला भाग काही आठवडे उन्हापासून पूर्ण झाकून ठेवायचा, म्हणजे पदर किंवा ओढणी, आणि उघडा राहणाऱ्या भागावर सनस्क्रीन. अजून आग होत असेल तर थंड पाण्यात पिळलेला कपडा ठेवायचा. फोड आले असतील किंवा पाणी येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. आणि एक गोष्ट मुद्दाम बजावून सांगा: डाग घालवायला त्यावर लिंबू चोळायचं नाही. पुष्कळ जण नेमकं तेच करतात. लिंबाच्या सालीत तोच पदार्थ असतो ज्यानं हे डाग पडले, त्यामुळे वर पुन्हा ऊन लागलं की दुखणं दुप्पट होतं. घासणं, स्क्रब लावणं हेही नको. डाग जातात, पण वेळ घेतात. काहींचे काही आठवड्यांत फिकट होतात, काहींना कित्येक महिने लागतात. हे त्यांना आधीच सांगितलंत तर रोज आरशात पाहून त्या घाबरणार नाहीत.

आता हे होतं कसं ते नीट समजून घ्या. एकदा समजलं की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच मिळतील.

लिंबूवर्गीय फळांच्या सालीत फ्युरानोकुमरिन गटातले पदार्थ असतात. बर्गमॉटमधल्या अशा मुख्य पदार्थाचं नाव बर्गाप्टेन. हे पदार्थ त्वचेत शिरतात आणि तिथे नुसते पडून राहिले तर काहीच करत नाहीत. पण सूर्यप्रकाशातले अतिनील ए किरण, म्हणजे साधारण 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे, त्यांच्यावर पडले की ते चेतवले जातात आणि पेशींच्या डीएनएला चिकटतात. पेशी जखमी होते, मग लाली, आग, कधी फोड. दोन-तीन दिवसांत त्रास टोकाला जातो आणि तो ओसरल्यावर मागे गडद रंग राहतो. त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिस आणि कोड यांवर पुवा नावाचा उपचार करतात, त्यात याच कुळातलं औषध देऊन मोजून अतिनील किरण सोडतात. म्हणजे या पदार्थांची ताकद खरी आहे. दवाखान्यात ती मोजून वापरली जाते, आपल्या टेबलावर ती नकळत सुटते.

ही ॲलर्जी नव्हे, हे लक्षात ठेवा. ॲलर्जी कुणाला होते, कुणाला होत नाही, आणि पहिल्या वेळी सहसा होत नाही. हे मात्र पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन मिळालं की कुणालाही, पहिल्याच वेळी होऊ शकतं. म्हणून "माझ्याकडे येणाऱ्या इतरांना तर काही झालं नाही" यावर विसंबू नका. ते बहुतेक मालिशनंतर घरी जाऊन झोपले असतील. कानामागे किंवा मनगटावर थेंब लावून पाहायची पॅच टेस्टही इथे कामाची नाही, कारण त्या चाचणीत ऊन येतच नाही. ढगाळ हवेतही अतिनील ए किरण असतात, आणि साध्या काचेतून ते बऱ्याच प्रमाणात आत येतात. गाडीत खिडकीशी बसून लांब गेलेल्या माणसालाही हे होऊ शकतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना काही रुग्णांच्या मानेवर लोलकाच्या आकाराचे तपकिरी ओघळ दिसायचे. ओडिकोलोन हे सुगंधी पाणी लावलं, ते गळ्यावरून ओघळलं, त्यावर ऊन लागलं, की ओघळाचा नकाशा त्वचेवर छापला जायचा. त्यात बर्गमॉटचं तेल असे. या विकाराला 'बर्लोक' असं नाव पडलं, मूळ शब्दाचा अर्थ लोलक किंवा साखळीला लटकवलेला दागिना. तुमच्या बाईंच्या खांद्यावर तुमच्या हातांचे पट्टे उमटले, हे त्याचंच मोठं रूप.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. माझं कामाचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. एक तरुण मुलगी परीक्षेच्या ताणानं आखडलेली मान घेऊन आली होती. मी बर्गमॉट सढळ हातानं घातलं, कारण वास सुंदर होता आणि तिला तो आवडला होता. ती बाहेर पडून मैदानावर मैत्रिणींबरोबर बसली. चार दिवसांनी तिची आई तिला घेऊन आली. मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेले चार-चार बोटांचे पट्टे होते, अगदी माझ्या हातांच्या मापाचे. ते जायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी दर पंधरा दिवसांनी तिला भेटून पाहत होते, आणि त्यानंतरच्या 22 वर्षांत एकही थेंब न मोजता टाकलेला नाही.

आता तेलाकडे येऊ. तुम्ही "संत्रं, लिंबू, बर्गमॉट" असं एका दमात लिहिलंय. पण या तेलांमध्ये फळाच्या नावापेक्षा तेल काढायची पद्धत जास्त महत्त्वाची आहे. बाटली हातात घेतली की पहिल्यांदा ते शोधा.

संत्र्याची साल बोटांत दुमडली की बारीक फवारा उडतो. तेच ते तेल. सालीच्या रंगीत थरात, पांढऱ्या गराच्या वर, तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या दाबून किंवा खरवडून फोडल्या की तेल बाहेर येतं, उष्णतेची गरजच नाही. इटलीत पूर्वी कारागीर अर्ध्या साली स्पंजवर दाबून फिरवत आणि स्पंज भिजला की पिळून घेत. त्या पद्धतीला स्फुमातुरा म्हणत. आज यंत्रं तेच करतात, आणि बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड' किंवा 'एक्सप्रेस्ड' असं लिहिलेलं असतं. या पद्धतीत सालीतलं मेण आणि न उडणारे जड घटकही तेलात उतरतात, आणि फ्युरानोकुमरिन हे त्या जड घटकांपैकीच. वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेल्या तेलात मात्र फक्त वाफेबरोबर उडणारे हलके घटक येतात, जड घटक मागे भांड्यात राहतात. म्हणून त्याच लिंबाचं दाबून काढलेलं तेल उन्हात घातक, तर वाफेवर काढलेलं तेल त्या बाबतीत निर्धोक. दोन्हींच्या वासात फरक पडतो. दाबून काढलेल्याचा वास ताज्या सालीच्या जवळचा, वाफेवरचा थोडा गोळीसारखा गोडसर. बर्गमॉटमधून बर्गाप्टेन वेगळं काढून टाकलेलं तेलही मिळतं. त्याच्या बाटलीवर 'एफसीएफ', म्हणजे फ्युरानोकुमरिन-मुक्त, असं लिहिलेलं असतं. बर्गमॉट वापरायचंच असेल तर मी तुम्हाला तेच घ्यायला सांगेन. वासात किंचित फरक आहे, पण टेबलावर झोपलेल्या माणसाला तो जाणवत नाही.

बाटलीवर पद्धत लिहिलेली नसेल, वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल, नुसतं 'लेमन ऑइल' असेल, तर ते तेल दाबून काढलेलं आहे असंच धरून चाला. खरं तर असं तेल मालिशसाठी घेऊच नका.

मात्रेचं बोलू. सुगंधी पदार्थांच्या सुरक्षिततेचे निकष ठरवणारी इंटरनॅशनल फ्रॅग्रन्स असोसिएशन, म्हणजे इफ्रा, ही संस्था आहे. त्वचेवर राहणाऱ्या आणि उन्हाला सामोऱ्या जाणाऱ्या तेलासाठी तिच्या मर्यादा अशा: दाबून काढलेलं बर्गमॉट 0.4 टक्के, हिरव्या लाइमचं 0.7, कडू संत्र्याचं 1.25, लिंबाचं म्हणजे लेमनचं 2, ग्रेपफ्रूटचं 4. गोड संत्रं आणि मँडरिन (संत्र्यासारखंच लहान फळ) यांच्या सालीच्या तेलाला उन्हाच्या बाबतीत अशी मर्यादा नाही, कारण त्यांच्यात हे पदार्थ त्रास देण्याइतके नसतात. मात्र मँडरिनच्या पानांचं तेल वेगळं. ते उन्हात बर्गमॉटपेक्षाही वाईट, त्यामुळे 'मँडरिन पेटिटग्रेन' असं लिहिलेली बाटली मँडरिन समजून उचलू नका.

टक्के थेंबांत असे बसतात. ढोबळ हिशोबात 1 मिलिलिटरला 20 थेंब धरतात. तुमचं मूळ तेल, म्हणजे ज्यात थेंब घालता ते, 30 मिलिलिटर असेल तर 1 टक्का म्हणजे 6 थेंब. त्यामुळे बर्गमॉटचे जास्तीत जास्त 2 थेंब, लाइमचे 4, कडू संत्र्याचे 7, लिंबाचे 12. तुम्ही दोन चमचे, म्हणजे साधारण 10 मिलिलिटर तेलात 10 थेंब घातले. ते 5 टक्के झाले. सगळे थेंब बर्गमॉटचे असतील तर त्याच्या मर्यादेच्या बारा पट. मी हे दोष द्यायला सांगत नाही. आकडा डोळ्यांसमोर आला की हात आपोआप आवरतो, एवढ्यासाठी सांगते. शिवाय दोन तेलं एकत्र केली की त्यांचा उन्हातला परिणाम बेरजेनं वाढतो. बर्गमॉट आणि लिंबू दोन्ही हवे असतील तर प्रत्येकाची मर्यादा निम्मी करा: बर्गमॉट 0.2, लिंबू 1 टक्का.

थेंबांवरही फार विश्वास ठेवू नका. लिंबूवर्गीय तेलं पातळ असतात, त्यांचा थेंब लहान पडतो, आणि प्रत्येक ड्रॉपरचं तोंड वेगळं. तुमच्या बाटलीच्या ड्रॉपरनं 1 मिलिलिटरला किती थेंब पडतात ते एकदा छोट्या सिरिंजनं मोजून बाटलीवरच लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

माझा स्वतःचा नेम असा: सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या संपूर्ण अंगाच्या मालिशला सगळी इसेन्शियल ऑइल्स मिळून 1 टक्का, फार तर दीड. वयस्कर, नाजूक त्वचेच्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाला अर्धा टक्का. चेहऱ्याला अर्ध्याहून जास्त कधीच नाही. 2 टक्क्यांच्या वर मी जात नाही, ग्रेपफ्रूटला 4 टक्क्यांची मुभा असली तरीसुद्धा. ऊन हा एकच धोका नाही, आणि दुसऱ्या धोक्याबद्दल माणसं फारच कमी बोलतात.

तो धोका आहे जुन्या तेलाचा. गोड संत्र्याच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त भाग लिमोनिन नावाच्या एका घटकाचा असतो. ग्रेपफ्रूटमध्येही तसंच, लिंबात साधारण 60 ते 70 टक्के. लिमोनिन ताजं असताना त्वचेला फारसा उपद्रव देत नाही. पण बाटली उघडली, हवा शिरली, उजेड लागला, की ते ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि हायड्रोपेरॉक्साइड नावाचे पदार्थ तयार होतात. हे मात्र खरे ॲलर्जी निर्माण करणारे पदार्थ आहेत. एकदा का एखाद्याच्या शरीरानं त्यांना ओळखून ठेवलं, की ती खूणगाठ आयुष्यभर राहू शकते. मग साबण, शाम्पू, भांड्यांचा द्रव, सगळीकडे लिमोनिन भेटतं आणि खाज उठते. यात सर्वांत जास्त धोका कुणाला? टेबलावर महिन्यातून एकदा झोपणाऱ्याला नव्हे, तर तुम्हाला. दिवसाला चार-पाच मालिशी, प्रत्येक वेळी हात तेलात. आमच्या व्यवसायात हातांच्या इसबानं काम सोडावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती सगळी मेहनती, मन लावून काम करणारी होती.

त्यामुळे बाटली लहान घ्या, 10 मिलिलिटरची. गडद काचेची. उघडलेल्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. वापर झाल्यावर झाकण लगेच लावा आणि ती फ्रिजमध्ये ठेवा. तेल निम्म्यावर आलं की ते आणखी छोट्या बाटलीत भरा, म्हणजे वरच्या रिकाम्या जागेत हवा कमी राहील. उघडल्यापासून सहा महिने, फ्रिजमध्ये काटेकोर ठेवलं तर वर्षभर, याच्या पुढे त्वचेला लावू नका. नाकाला रोज ताज्या संत्र्याचा वास दाखवत राहा. मग जुन्या तेलातला टर्पेंटाइनसारखा उग्र, बोथट वास तुम्हाला लगेच कळेल. बाटलीच्या तोंडाशी चिकट कडं जमलं असेल तर तीही खूण. साध्या प्लास्टिकच्या भांड्यात ही तेलं कधी ओतू नका. संत्र्याच्या तेलाचा थेंब थर्माकोलवर टाकून पाहा, तो खड्डा पाडत आत जाईल. लिमोनिन हा चांगला द्रावक आहे. असा द्रव पातळ न करता त्वचेवर लावायचा का, या प्रश्नाचं उत्तर तो खड्डाच देतो.

इथे एक गैरसमज दूर करते. लेमनग्रास, सिट्रोनेला, मेलिसा यांना लिंबाचा वास येतो म्हणून ती लिंबूवर्गीय तेलं ठरत नाहीत. पहिली दोन गवतं, तिसरी पुदिन्याच्या कुळातली. त्यांचा उन्हाशी संबंध नाही, पण लेमनग्रासमधलं सिट्रल त्वचेला ॲलर्जी आणणारं आहे आणि ते तेल मी अर्ध्या टक्क्याच्या वर नेत नाही.

उलट एकाच कडू संत्र्याच्या झाडापासून तीन वेगवेगळी तेलं मिळतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सालीपासून कडू संत्र्याचं तेल, ज्याला उन्हाची मर्यादा आहे. पानं आणि कोवळ्या डहाळ्यांपासून वाफेवर काढलेलं पेटिटग्रेन. आणि फुलांपासून वाफेवर काढलेलं नेरोली, ज्याच्या एका किलोसाठी सुमारे टनभर फुलं लागतात. पेटिटग्रेन आणि नेरोली या दोघांतही लिमोनिन मुख्य नाही. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट यांनी त्यांचा वास बनतो, जे लव्हेंडरमध्येही असतात. कडू संत्र्याच्या या दोन्ही तेलांना उन्हाचा प्रश्न नाही. नेरोली महाग असतं आणि त्यात भेसळ सर्रास होते, म्हणून सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका. पेटिटग्रेन मात्र जरूर आणा. संत्र्याबरोबर ते घातलं की वासाला हिरवा, थोडा कडसर आधार मिळतो आणि तो लवकर उडत नाही. लिंबूवर्गीय सालीची तेलं पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच हवेत विरतात, हा त्यांचा स्वभाव आहे. म्हणूनच मूळ तेल गरम करायचं असेल तर आधी गरम करा आणि टेबलाशी आल्यावर इसेन्शियल ऑइल घाला. गरम वाटीत आधीच टाकलेलं संत्रं माणूस पालथं झोपेपर्यंत संपलेलं असतं.

तुमचा खरा प्रश्न शेवटचा होता: उपयोग होतो का?

होतो, पण त्यात काम कुणाचं किती, हे प्रामाणिकपणे वाटून सांगायला हवं. मालिशनं तणाव, काळजी आणि काही दुखण्यांत तात्पुरता आराम मिळतो, याबद्दल शंका नाही. त्यात तेलाच्या घटकांचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. ते त्वचेतून रक्तात जातात हे खरं आहे. 1992 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी लव्हेंडर घातलेल्या तेलानं मालिश केल्यावर रक्त तपासलं. काही मिनिटांत घटक दिसू लागले, सुमारे 20 मिनिटांनी सर्वांत जास्त होते आणि दीड तासात जवळपास निघून गेले. पण ते प्रमाण अगदी बारीक होतं. रक्तात सापडणं म्हणजे औषध होणं नव्हे. वासाच्या बाबतीत 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात संत्र्याचा वास दरवळत ठेवला, तेव्हा तिथे वाट पाहणाऱ्या बायकांना काळजी कमी वाटली आणि मन हलकं वाटलं. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. कुणी कुणाला हातही लावला नव्हता. दुसरीकडे, कॅन्सरच्या रुग्णांमध्ये मालिश आणि अरोमाथेरपी (सुगंधी तेलांचे उपचार) यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं 2016 साली एकत्रित आढावा घेतला, त्यात 19 अभ्यास होते, आणि पुरावा फार कमकुवत दर्जाचा आहे असं त्यांनी सांगितलं.

या सगळ्यातून माझी समजूत अशी झाली आहे. वासाची नस मेंदूच्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाशी फार जवळून जोडलेली आहे, इतर संवेदनांपेक्षा थेट. संत्र्याचा वास आला की माणूस नकळत खोल श्वास घेतो. मी तो क्षण पकडते. त्या श्वासावर, सोडताना, दोन्ही तळहात खांद्यांवर ठेवते आणि नुसतं वजन टाकते, रगडत नाही. बरगड्या खाली बसतात, खांदे कानांपासून दूर सरकतात. तिथून पुढचं काम हातांचं. वासानं दार उघडलेलं असतं, आत जाऊन आखडलेला स्नायू सोडवणं त्याला जमत नाही.

म्हणून हाताकडे दुर्लक्ष करून तेलावर भर देऊ नका. कमरेपासून मानेपर्यंत पूर्ण तळहातानं लांब, सावकाश फिरवलेले हात, निदान पाच मिनिटं, स्नायू ऊबदार होईपर्यंत. मग मान आणि खांद्याच्या मधला तो जाड स्नायू बोटं आणि अंगठा यांच्यात उचलून मळायचा, कणीक मळतात तसा, चिमटा न काढता. गाठ सापडली की तिच्यावर अंगठा ठेवून थांबायचं. दाब वाढवत जायचा नाही. गाठ स्वतः ढिली पडेपर्यंत, चार-पाच श्वास, वाट पाहायची. नवशिके इथे घाई करतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस अंग ठणकतं म्हणून सांगतो. पूर्ण अंगाला 20 ते 30 मिलिलिटर तेल पुरतं. त्याहून जास्त घातलं की हात नुसते घसरतात, पकड मिळत नाही. मूळ तेल म्हणून बदामाचं किंवा द्राक्षाच्या बियांचं घ्या. तिळाचं उत्तम, पण त्याचा स्वतःचा वास संत्र्यावर मात करतो.

नाकाबद्दल एक सूचना. तुमचं नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं. "वास गेला" असं वाटून मध्येच आणखी थेंब टाकायचा मोह होतो, आणि प्रमाण बिघडतं ते इथेच. दोन मालिशींच्या मध्ये खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटं मोकळ्या हवेत उभ्या राहा, खिडक्या उघडा, मग पुन्हा आत या.

ज्यांना लगेच उन्हात जायचं आहे त्यांच्यासाठी मी गेली कित्येक वर्षं एकच करते. अंगाला साधं तेल, काहीही न घातलेलं. पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला टेबलाला जी कडी असते तिच्याखाली, जमिनीवर, एका वाटीत कापसाच्या बोळ्यावर संत्र्याचा किंवा बर्गमॉटचा एक थेंब. वास पूर्ण मिळतो, त्वचेला तेलाचा स्पर्शही होत नाही. दाबून काढलेलं तेल मर्यादेबाहेर कुणाच्या अंगाला लागलंच तर पुढचे 12 तास तो भाग उन्हाला दाखवायचा नाही, हे सांगून सोडायचं. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात, चिठ्ठीवर लिहून द्या.

कुणाला ही तेलं लावायचीच नाहीत? त्वचा उन्हाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांना, जशी डॉक्सिसायक्लिन, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, किंवा ज्यांचा पुवा उपचार चालू आहे ते. इसब, उघडी जखम, नुकतंच वॅक्सिंग किंवा दाढी केलेली त्वचा. दमेकऱ्यांना वासानंही त्रास होऊ शकतो, त्यांना आधी दुरूनच हुंगायला द्या. गरोदर बाईला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही, आणि तान्ह्या बाळाला साधंच तेल. ग्रेपफ्रूटचा रस काही औषधांशी भांडतो हे खरं, पण ते पिण्याबद्दल आहे. पातळ करून त्वचेला लावलेल्या तेलानं तसं होत नाही. पोटात मात्र यातलं कोणतंही तेल द्यायचं नाही, पाण्यात टाकूनसुद्धा नाही. आणि घरी मांजर असेल तर काम संपल्यावर हात साबणानं धुऊनच तिला घ्या, मांजरांना लिमोनिन बाधतं.

मालिशच नको अशीही माणसं येतात, आणि तेल कोणतं याचा त्याच्याशी संबंध नाही. ताप, एका पोटरीला अचानक आलेली सूज आणि कळ, नुकतंच झालेलं ऑपरेशन. सुजलेली, गरम, एकाच पायाची पोटरी दिसली तर हात लावू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, त्यांना ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवा.

लोकांना काय सांगायचं यातही जपा. ग्रेपफ्रूटनं चरबी वितळते, लिंबानं शरीरातली घाण निघते, असं कुणी विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. शरीरातली घाण यकृत आणि मूत्रपिंड काढतात. तुमच्याकडे माणूस शांत होतो, त्याची मान वळू लागते, झोप लागते. हे सांगायला काहीच कमी नाही.

तेव्हा तेलं बंद करू नका. गोड संत्रं, मँडरिन, पेटिटग्रेन आणि एफसीएफ बर्गमॉट एवढीच वर्षभर ठेवा. बाकीच्या बाटल्या, विशेषतः तारीख नसलेल्या, आजच बाजूला काढा. आणि एक वही करा. प्रत्येक मालिशीची नोंद: तेलाचं नाव, बाटलीवरचा बॅच नंबर, उघडल्याची तारीख, किती मिलिलिटरमध्ये किती थेंब, कोणत्या भागावर, आणि माणूस बाहेर पडल्यावर कुठे जाणार होता. पहिली नोंद त्या बाईंचीच करा, जेवढं आठवतं तेवढं खरं. त्वचारोगतज्ज्ञांकडे जायची वेळ आली तर तो कागद त्यांच्या हाती द्या, आणि जमलं तर बरोबर जा.